आधी सही, मागाहून चौकशी

अन्यायाविरुद्ध उभे राहणे हे माणसाचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. स्वतःचा वेळ, पैसा आणि प्रसंगी नोकरी पणाला लावून जी माणसे दुसऱ्याच्या दुःखासाठी रस्त्यावर उतरतात, त्यांच्याविषयी आदर बाळगूनच प्रस्तुत लेखात एक अप्रिय प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. आपल्या कृतिसमित्या, मंच, आघाड्या आणि जनसंघटना एखाद्या लढ्याला पाठिंबा जाहीर करतात, तेव्हा त्या लढ्यामागील वस्तुस्थितीची चौकशी त्यांनी कितपत केलेली असते?

ही प्रक्रिया बहुतेकांच्या परिचयाची आहे. एक पत्रक येते. त्याच्या तळाशी दहा संघटनांची नावे अगोदरच छापलेली असतात. अकरावी संघटना मनाशी म्हणते, या दहाजणांनी पाहिलेच असेल. त्या दहांपैकी प्रत्येकीने आपल्या आधीच्या नावाकडे पाहून नेमके हेच म्हटलेले असते. अशा रीतीने पाठिंब्याची साखळी लांबत जाते आणि तिच्या पहिल्या कडीशी कोण उभा आहे, त्याने काय पाहिले, काय मोजले, हे कोणी विचारीत नाही. सह्यांची संख्या वाढली म्हणजे पुराव्याचे वजन वाढले, असा एक भ्रम निर्माण होतो. वास्तविक शंभर सह्या म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. पुष्कळदा तो एकच साक्षीदार असतो आणि नव्याण्णव प्रतिध्वनी असतात.

हे लिहिताना एक धोका दिसतो आहे. चळवळींना मुळातच नाके मुरडणारी, आपल्या बंगल्याच्या गच्चीवरून मोर्चाची टिंगल करणारी मंडळी अशा लेखाने खूश होतील. त्यांनी खूश होऊ नये. जे प्रश्न मी संघटनांना विचारतो आहे, ते प्रश्न कंपन्यांना आणि सरकारला विचारण्याचे धैर्य या मंडळींनी आयुष्यात कधी दाखविलेले नसते. माझा वाद चळवळींच्या शत्रूंच्या बाजूने नाही. तो चळवळींच्या हितासाठीच आहे.

उत्तर समुद्रातील टाकी

मोघम बोलण्यापेक्षा एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १९९५ साल हे त्या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

स्कॉटलंडच्या ईशान्येस उत्तर समुद्रात शेल कंपनीची ‘ब्रेंट स्पार’ नावाची तेल साठविण्याची एक तरंगती टाकी होती. उंची १३७ मीटर, त्यातील बहुतांश भाग पाण्याखाली. वजन सुमारे १४,५०० टन. १९७६ पासून वापरात असलेली ही टाकी १९९१ साली निकामी ठरली. ती ओढत नेऊन अटलांटिक महासागरात, स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, दोन किलोमीटरहून अधिक खोल पाण्यात बुडवावी असे कंपनीने ठरविले आणि ब्रिटिश सरकारने त्याला मान्यता दिली. ३० एप्रिल १९९५ रोजी ग्रीनपीस या संघटनेचे कार्यकर्ते टाकीवर चढले आणि तेथे ठाण मांडून बसले. त्यांना हुसकावण्यासाठी पाण्याचे फवारे मारले गेले, ती दृश्ये दूरदर्शन संचांवरून घरोघरी पोहोचली आणि सारा युरोप खवळला. जर्मनीत शेलच्या पेट्रोलपंपांवर बहिष्कार पडला. सुमारे पन्नास पंपांची नासधूस झाली, दोनांवर पेटते बाँब फेकले गेले, एकावर गोळ्याही झाडल्या गेल्या. जर्मनीचे चान्सेलर हेल्मुट कोल यांनी जी-७ राष्ट्रांच्या हॅलिफॅक्स येथील परिषदेत हा विषय ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्याकडे काढला. २० जून रोजी कंपनीने माघार घेतली.

लढा जिंकला गेला. परंतु त्याच जूनमध्ये ग्रीनपीसने एक आकडा जाहीर केला होता: टाकीत अद्याप ५,५०० टन तेल शिल्लक आहे. कंपनीच्या मते ते पन्नास टनांच्या आसपास होते. सप्टेंबरच्या प्रारंभी ग्रीनपीसने कंपनीला पत्र लिहून जाहीर क्षमा मागितली, कारण नमुना टाकीतून घेण्याऐवजी टाकीकडे जाणाऱ्या नळीतून घेतला गेला होता. नॉर्वेच्या ‘देत नॉर्स्के व्हेरितास’ या स्वतंत्र संस्थेने नंतर मोजणी केली, तेव्हा तेल साधारण ७५ ते १०० टन भरले. म्हणजे कंपनीनेही थोडे कमीच सांगितले होते. संघटनेने मात्र निदान पन्नासपट अधिक सांगितले होते.

येथे ग्रीनपीसच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपली चूक कळताच तिने ती लपविली नाही. असा प्रामाणिकपणा कंपन्या आणि सरकारे क्वचितच दाखवितात. माझा प्रश्न ग्रीनपीसला नाहीच. तो तिच्यामागे उभ्या राहिलेल्या असंख्य संघटनांना, पक्षांना, वृत्तपत्रांना आणि नागरिकांना आहे. त्यांच्यापैकी किती जणांनी विचारले, की हे मोजले कोणी आणि कोठून? ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या संपादकांनी पुढे त्याच वर्षी उघडपणे कबूल केले, की संघटनेने पुरविलेल्या चित्रफितींच्या प्रवाहात आपण वाहवत गेलो. पाठिंबा देणाऱ्या संघटनांकडून मात्र अशी कबुली फारशी ऐकू आली नाही. चूक एकाची ठरली, इतरांनी पुढच्या पत्रकावर सही केली.

आकड्याला काय महत्त्व?

यावर नेहमीचे उत्तर असे असते: आकडा गौण होता, तत्त्व महत्त्वाचे होते. समुद्र ही कोणाची कचराकुंडी नव्हे, हे ते तत्त्व. आणि तो आकडा आंदोलनाच्या अखेरच्या दिवसांत पुढे आला, तोवर लोक रस्त्यावर आलेच होते.

हा बचाव नीट ऐकला तर तोच आरोप होऊन बसतो. लोक खोट्या आकड्यामुळे पेटले नव्हते, हे खरे मानू. मग ते कोणत्या आकड्यामुळे पेटले होते? कोणत्याच नव्हे. टाकी जमिनीवर आणून तोडली तर कामगारांना किती धोका, किनाऱ्यावरच्या पाण्याला किती धोका, खोल समुद्रात बुडविली तर तळाच्या जीवसृष्टीचे काय, असा तुलनात्मक हिशोब मांडणे आवश्यक होते. तो हिशोब कंपनीने आपल्या सोयीने मांडला होता, हे उघड आहे. पण त्याला उत्तर म्हणून दुसरा हिशोब मांडला जावयास हवा होता. त्याऐवजी फवाऱ्यांखाली भिजणारे तरुण आणि त्यांच्यासमोर एक बलाढ्य कंपनी, एवढे चित्र पुरेसे ठरले.

मग तत्त्वाचे काय? ते योग्य असू शकते. १९९८ साली पोर्तुगालमधील सिंत्रा येथे ईशान्य अटलांटिकच्या राष्ट्रांनी निकामी तेलसंरचना समुद्रात टाकण्यावर बंदी घातली आणि ब्रेंट स्पारचे तुकडे पुढे नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ एका धक्क्याच्या बांधकामात वापरले गेले. एका बुडालेल्या टाकीने महासागराचे फारसे बिघडले नसते, पण शेकडो टाक्या त्याच वाटेने गेल्या असत्या आणि ती वाट आरंभीच अडविली हे बरे झाले, असे कोणी म्हटले तर तो विचारार्ह युक्तिवाद आहे. माझे म्हणणे इतकेच, की तो युक्तिवाद म्हणून मांडावा लागतो. भावनेच्या लाटेवर बसून किनाऱ्याला लागलेला माणूस ‘मला पोहता येते’ असे म्हणू शकत नाही. निष्कर्ष योग्य निघाला म्हणजे तो काढण्याची रीत योग्य होती असे सिद्ध होत नाही. उद्या हीच रीत चुकीच्या निष्कर्षाकडे नेईल, तेव्हा तिला अडवावयास कोणतेही साधन आपल्यापाशी उरणार नाही.

त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या सावलीत

आता १९९५ सालाचेच दुसरे पान उलटू. त्याच शेल कंपनीने नायजेरियातील ओगोनी लोकांच्या भूमीत १९५८ पासून तेल काढले होते. गळक्या वाहिन्या, शेतात आणि खाडीत साचणारे तेल आणि अहोरात्र जळणारा वायू यांनी एका छोट्या जमातीची शेती व मासेमारी उद्ध्वस्त झाली. लेखक केन सारो-विवा यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९९३ मध्ये सुमारे तीन लाख ओगोनी शांततेने रस्त्यावर उतरले. त्यावर्षी कंपनीला तेथून काढता पाय घ्यावा लागला. १० नोव्हेंबर १९९५ रोजी, म्हणजे युरोपने ब्रेंट स्पारचा विजय साजरा केल्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, लष्करी राजवटीने सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिले.

ओगोनींच्या बाजूनेही युरोपात काही संघटना उभ्या राहिल्या, त्यांत ग्रीनपीसही होती. फाशीनंतर जगभर निषेध झाला, राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित केले. परंतु माणसे जिवंत असताना जर्मनीच्या पेट्रोलपंपांवर त्यांच्यासाठी तसा बहिष्कार पडला नाही, आणि जी-७ च्या कोणत्या प्रमुखाने त्यांच्यासाठी तशी तातडी दाखविली नाही. पुढे २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी भूमीची पाहणी प्रसिद्ध केली. एका वस्तीतील विहिरींच्या पाण्यात बेंझीन हे कर्ककारक द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशेपट सापडले आणि ती भूमी पूर्ववत होण्यास पंचवीस ते तीस वर्षे लागतील असा अंदाज दिला गेला.

एका बाजूस रिकामी टाकी आणि शंभर टन तेल, दुसऱ्या बाजूस एक संपूर्ण जमात आणि तिच्या विहिरी. युरोपचा क्षोभ पहिल्यावर खर्च झाला. चौकशीवाचून दिलेल्या पाठिंब्याचा खरा तोटा येथे दिसतो. कंपनीची बदनामी झाली हा तो तोटा नव्हे. समाजाची संतापण्याची शक्ती अमर्याद नसते. ती एका ठिकाणी उधळली की दुसऱ्या ठिकाणी अपुरी पडते. ‘प्रश्न मोठा की छोटा’ हे मोजल्यावाचून कळत नाही. आणि मोजावयाचेच नाही असे ठरविले, की ज्या अन्यायाचे चित्र अधिक देखणे, त्याच्याकडे गर्दी लोटते. खाडीच्या चिखलातून बोलणाऱ्या माणसाचे चित्र देखणे नसते.

ही प्रवृत्ती कालबाह्य झालेली नाही, उलट नव्या साधनांनी तिला पंख दिले आहेत. मार्च २०१२ मध्ये युगांडातील बंडखोर जोसेफ कोनी याच्याविषयीची अर्ध्या तासाची एक चित्रफीत आठवड्याभरात दहा कोटी वेळा पाहिली गेली. कोनीचे अत्याचार खरे होते. परंतु त्याचे सैन्य २००६ पर्यंतच युगांडा सोडून गेले होते, ही मूलभूत गोष्ट पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आली. ती चित्रफीत उत्तर युगांडातील लिरा या गावी दाखविण्यात आली, तेव्हा कोनीचे अत्याचार प्रत्यक्ष सोसलेली माणसेच संतापली. ज्यांच्या नावाने जग हळहळत होते, त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

दाभोळचे दोन विरोध

दूरदेशीच्या गोष्टी पुरे झाल्या. १९९५ सालीच आपल्या महाराष्ट्रात एन्रॉनचे प्रकरण गाजत होते आणि त्यात विरोधाचे दोन प्रकार शेजारी शेजारी पाहावयास मिळाले.

पहिला विरोध घोषणेचा. विधानसभेच्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडविण्याची गर्जना झाली. सत्तांतर झाले. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्दही केला. नंतर वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या प्रारंभी तोच प्रकल्प, पूर्वीपेक्षा मोठ्या आकाराचा, त्याच सरकारने स्वीकारला. घोषणेवर टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी अनेकांना आपण नेमके कशाला विरोध केला होता हे ठाऊक नव्हते. म्हणून आपली नेमकी कोठे फसवणूक झाली, हेही त्यांना सांगता आले नाही.

दुसरा विरोध हिशोबाचा. पुण्याच्या ‘प्रयास’ या छोट्या गटाने वीजखरेदी कराराचे तांत्रिक व आर्थिक विश्लेषण केले. वीज घेतली काय किंवा न घेतली काय, क्षमतेपोटीचा आकार राज्य वीज मंडळाला द्यावाच लागणार. तो आकार आणि इंधनाचा खर्च डॉलरशी बांधलेला असणार. मंडळाला हा भार पेलणार नाही, अशा अंगाने ती मांडणी होती. त्या कागदांवर कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, २००१ साली, मंडळाने वीज घेणे थांबविले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी कराराची चिरफाड केली. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनचेच दिवाळे वाजले. घोषणा केव्हाच विरली होती, हिशोब मात्र खरा ठरला.

गुहागर परिसरातील ज्या ग्रामस्थांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग भोगला, त्यांचे मोल या तुलनेने कमी होत नाही. त्यांनी आपली जमीन, पाणी आणि मासळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्याइतका पक्का पुरावा कोणाजवळ असणार? प्रश्न त्यांचा नाही. दूर बसून, न पाहता आणि न वाचता, दोन्ही वेळा टाळ्या वाजविणाऱ्यांचा आहे.

तीन आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप: प्रश्न विचारल्याने शत्रूचे फावते. मला नेमके उलट वाटते. शत्रूचे फावते ते आपला आकडा खोटा ठरतो तेव्हा. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, परंतु तिचा शेवट नीट ध्यानात घेत नाही. शेवटी लांडगा खरोखरच येतो आणि मेंढरे खरोखरच मरतात. फुगविलेल्या आकड्याची किंमत फुगविणारा भरीत नाही, ती पुढच्या खऱ्या पीडिताला भरावी लागते. घरचा प्रश्न आज टाळला, की उद्या तोच प्रश्न प्रतिपक्षाचा वकील न्यायालयात विचारतो आणि तेव्हा उत्तर शोधण्यास सवड मिळत नाही.

दुसरा आक्षेप: तातडीच्या वेळी अभ्यासाला अवसर नसतो. घरावर बुलडोझर येऊन उभा असताना अहवाल वाचत बसावे काय? हा आक्षेप अंशतः बरोबर आहे. बुलडोझरसमोर उभे राहावे, कारण तेथे वस्तुस्थिती डोळ्यांसमोर असते. परंतु जाहीर पाठिंब्याची बहुसंख्य पत्रके अशा क्षणी निघत नाहीत. ती बैठकीत, चहाच्या कपासोबत, ‘आपलेही नाव घाला’ अशा सहजतेने निघतात. तेथे चार दिवस थांबल्याने कोणाचे घर पडत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक संघटना प्रत्येक विषयाचा अभ्यास करू शकत नाही. परस्परांवर विश्वास ठेवूनच चळवळी चालतात. हा विश्वास काढून घेतला तर एकजूट कशी टिकणार? मान्य आहे. विश्वासावाचून कोणतेच सामूहिक काम होत नाही. परंतु विश्वास आणि भिडस्तपणा यांत अंतर आहे. ज्याच्यावर आपला विश्वास असतो, त्याला आपण मोकळेपणी प्रश्न विचारू शकतो. प्रश्न विचारताच जेथे माणूस ‘फुटीर’ ठरतो, तेथे विश्वास नसतो, तेथे धाक असतो. कंपनीच्या कार्यालयातील धाकाविरुद्ध आपण आवाज उठवितो. तोच धाक आपल्या सतरंजीवर बसला तर त्याला एकजूट म्हणावयाचे काय?

सैतानाचा वकील

या बाबतीत ख्रिस्तसभेच्या एका जुन्या प्रथेची आठवण उपयोगी पडेल. एखाद्या व्यक्तीस संतपद देण्याचा विचार सुरू झाला, की तिच्या पवित्र्याविरुद्ध व चमत्कारांविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सारे मांडण्यासाठी खास अधिकारी नेमला जात असे. पोप पाचवे सिक्स्तुस यांच्या काळात, १५८७ साली, हे पद रूढ झाले. लोकांनी त्याला ‘सैतानाचा वकील’ असे नाव दिले. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रक्रिया बदलली, तेव्हा त्या पदाचे पूर्वीचे स्वरूप राहिले नाही.

या प्रथेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. हा अधिकारी श्रद्धेचा शत्रू नव्हता. त्याचे अधिकृत नावच ‘श्रद्धेचा संवर्धक’ असे होते. ज्यांच्यावर सर्वांची भक्ती जडली आहे, त्यांच्याविषयीच सर्वाधिक कठोर चौकशी व्हावी, कारण भक्तीच्या भरात डोळे मिटतात, हे त्यामागील सूत्र होते. आणि ही कामगिरी कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. ते नेमून दिलेले काम होते. म्हणून ते करणारा द्रोही ठरत नव्हता.

आपल्या संघटनांना नेमके हेच हवे आहे. पाठिंब्याचा ठराव मांडला गेला, की बैठकीतील एका सदस्यावर, पाळीपाळीने, विरुद्ध बाजू मांडण्याचे काम सोपवावे. त्याने चार साधे प्रश्न विचारावेत. हे प्रथम कोणी पाहिले? हा आकडा कोणी, कसा काढला? ज्यांच्या नावाने आपण बोलतो, त्यांच्याशी कोणी बोलले आहे काय? आणि आपले म्हणणे चुकीचे ठरले, तर ते आपल्याला कशावरून कळेल? या चारांची उत्तरे मिळाली तर सही ठणठणीत होईल. न मिळाली तर ‘आम्ही चौकशी करीत आहोत’ असे सांगण्यात कमीपणा नाही. आणि पूर्वी दिलेला पाठिंबा चुकीच्या माहितीवर होता असे आढळले, तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत जाहीर करावे.

सही ही क्षुल्लक वस्तू नाही. तिच्यामागे संघटनेने वर्षानुवर्षे मिळविलेली पत असते, आणि ती पत ज्यांना स्वतःचा आवाज नाही अशा माणसांच्या उपयोगी पडावी म्हणून मिळविलेली असते. ती दुसऱ्याची ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती कोणाच्या हाती देतो आहोत हे पाहिलेच पाहिजे. न पाहता देणाऱ्याला उदार म्हणत नाहीत, त्याला बेजबाबदार म्हणतात.